वहीतली डावी पानं

गुरुजींची वही माझ्याच घरात होती, आणि ती सापडत नाही असं मी तीन वेळा सांगितलं.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मनात काही नव्हतं. तेरावं होऊन चार दिवस झाले होते. शेजाऱ्यांच्या सतरंज्या, मागून आणलेली मोठी भांडी, पाहुण्यांच्या विसरलेल्या चपला यांत कुठली वस्तू कुठे आहे हे मला खरंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा वही माझ्या साड्यांखाली होती. तिसऱ्यांदा ती समोरच्या टेबलावरच होती. दार वाजलं तसं मी तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि मग दार उघडलं.

विचारणारी तिन्ही वेळा एकच होती. सावरगावची मुलगी. मुलगी म्हणजे आता सत्तावीस-अठ्ठावीसची, पांढुर्ण्यातल्या एका शाळेत शिकवणारी. पण ती आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा अकरा वर्षांची होती, म्हणून माझ्या तोंडात अजून मुलगीच येतं.

"काकू, गुरुजीची वही सापडली का जी?"

"नाही गं. पाहते."

"घाई नाही. पोट्टे विचारून राहिले होते, म्हणून आली."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मला तिचा जास्तच राग आला.

गुरुजी म्हणजे माझे पती. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत आणि चारचौघांत मीही तेच म्हणत असे. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मी सौंसरला एका शाळेच्या ग्रंथालयात होते. रोज सकाळी बसने जायचं, संध्याकाळी यायचं. दोघांच्या वाट्याला पूर्ण येईल असा एकच दिवस होता, रविवार. तो त्यांनी मुलांना देऊन टाकला.

आमच्या समोरच्या खोलीत सकाळी नऊला वर्ग भरायचा. त्याला वर्ग म्हणणं त्यांना आवडत नसे. आधी ते एक पुस्तक उघडायचे. आमच्याकडे देशाचा इतिहास दोन वाटांनी येतो. शाळेतली पुस्तकं हिंदीत, भोपाळहून आलेली. घरातली मराठीत, नागपूरहून आणलेली. एका पुस्तकात आपण असतो पण आपली बोली नसते, दुसऱ्यात बोली असते पण नकाशावर आपला जिल्हा नसतो. गुरुजी कुठलंही पुस्तक घेत, दोन पानं वाचत, हिंदी असलं तर वाचता वाचता आपल्या बोलीत सांगत, आणि मग बोट घालून पुस्तक मिटून विचारत, "बरं, हे तिकडे झालं. तेव्हा इथं काय चालू होतं?"

मुलांनी तोच प्रश्न घरी न्यायचा, आजीला, आजोबांना, शेतावरच्या म्हाताऱ्या गड्याला विचारायचा आणि पुढच्या रविवारी उत्तर आणायचं. मिठाचा सत्याग्रह वाचला, तर आपल्या गावात तेव्हा मीठ कुठून यायचं. रेल्वेचं वाचलं, तर तिगावच्या स्टेशनावर संत्र्याच्या पेट्या कोण चढवायचं. आलेलं उत्तर ते एका जाड वहीत उतरवून ठेवत. त्यांची एक रीत होती. पांढुर्ण्याकडचं, म्हणजे आमच्या काठाचं, उत्तर उजव्या पानावर. डावं पान कोरं, जांब नदीच्या पलीकडच्या सावरगावकरांसाठी. "नदीच्या दोन्ही काठांचं जुळत नाही," ते म्हणायचे, "तर एका पानावर कशाला कोंबायचं?"

ही पुस्तकं मी आणायची. नागपूरला गेले की अर्धी पिशवी त्यांचीच असे. कव्हरं मी घालायची, उसवलेल्या पाठी मी शिवायची, कोणतं पुस्तक कोणत्या वयाला जमेल हेही मीच सांगायची. आणि वाचून दाखवायचे ते, मुलांना. मला त्यांनी एकदाही काही वाचून दाखवलं नाही. मी वाचू शकते, म्हणून असेल. रविवारी मी स्वयंपाकघरात असायची आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा. घरात एरवी तो आवाज इतका उजळलेला नसे. जेवताना ते वरण वाढ म्हणायचे तो वेगळा माणूस होता.

आमचा मुलगा त्या खोलीत कधी बसला नाही. बापाला वीस पोरांत वाटून घेणं त्याला जमलं नाही. त्या बाबतीत तो माझ्यावर गेला.

सावरगावची मुलगी आली ती पहिल्या दिवसापासून पुढे बसली. गुरुजींनी डावं पान दाखवलं तसं तिनं विचारलं, "हे आमचं आहे का?" ते हसले आणि पेन तिच्याच हातात दिलं. त्या दिवसापासून डावी पानं ती लिहू लागली. मी चहा ठेवायला गेले की ते म्हणायचे, "ह्या आमच्या सावरगावच्या सेक्रेटरी." मी चहा ठेवून परत यायची. सावरगाव माझं माहेर आहे. हे त्या खोलीत कुणाच्याच लक्षात नव्हतं, की सगळ्यांच्या होतं आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, ते मला आजही कळलेलं नाही.

ते गेल्यावर तिनं विचारलं होतं, वर्ग इथंच घेऊ का म्हणून. मी नको म्हटलं. घरात गर्दी सोसत नाही असं कारण दिलं. मग तिनं वर्ग सावरगावच्या समाजभवनात नेला. वर्ग बंद पडेल असं मला वाटलं होतं. तसं व्हावं अशी माझी इच्छा होती का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. वर्ग बंद पडला नाही. पांढुर्ण्याची मुलं पूल ओलांडून माझ्या माहेरी जाऊ लागली.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी भावाकडे निघाले होते. समाजभवन वाटेतच आहे. खिडक्या उघड्या होत्या. मी थांबायचं ठरवलं नव्हतं. चपलेचा अंगठा निसटला, तो नीट करायला थांबले, आणि अंगठा नीट झाल्यावरही उभी राहिले.

"आपल्या राज्याची राजधानी कोणती?" तिचा आवाज.

"नागपूर!" सात-आठ जण एकदम ओरडले.

"भोपाळ आहे ना रे, बुद्धू!" एक मोठी मुलगी म्हणाली.

"कोणी सांगितलं तुले नागपूर?"

"कोणी कायले सांगन, मॅडम? माह्या आजीचा मोतीबिंदू काढून डोळा तिथंच बनवला. दिवाळीचे कपडे बी तिथूनच आणतो."

"मंग राजधानी म्हणजे काय, जिथं कपडे भेटते ते?"

"हाव!"

हसू पसरलं. मग ती म्हणाली, "तू चुकला. पण तुह्या आजोबाच्या लहानपणी हेच उत्तर दिलं असतं ना, तर बरोबर राहिला असता." आणि राज्यांची फेररचना होण्याआधी नागपूरच कसं राजधानीचं गाव होतं, मग एका सकाळी आपण तेच, गाव तेच, शेत तेच, आणि राजधानी मात्र शेकडो मैल दुसरीकडे कशी गेली, ते तिनं सांगायला घेतलं.

ही चूक आमच्याकडचं प्रत्येक मूल करतं. दवाखाना नागपूर, बाजार नागपूर, पाहुणे नागपूर. गुरुजी या चुकीची वाटच पाहायचे. आणि 'तू चुकला, पण' हे वाक्य त्यांचं होतं. 'पण'वर क्षणभर थांबणं त्यांचं होतं. भिंतीपलीकडून ते मी इतक्यांदा ऐकलं होतं की कुठे श्वास घेतील हे मला पाठ होतं. ती नेमका तिथंच श्वास घेत होती.

मी भावाकडे गेलेच नाही. पुलावरून परत आले. वर्षभर घरात मी त्यांचा आवाज शोधत होते. त्यांच्या शर्टांना, चष्म्याच्या डबीला कान लावून बसावं तशी बसत होते. आणि तो आवाज इकडे एका परक्या मुलीच्या गळ्यात, भर सकाळी, मजेत नांदत होता. मला जे हवं होतं ते तिच्याजवळ होतं, आणि तिला त्याची किंमत नाही असंही म्हणता येत नव्हतं.

त्या दुपारी मी वही काढली. वर्षभरात मी उजवी पानंच वाचत आले होते. त्यांचं अक्षर बारीक, एका रेषेत. डाव्या पानांवर हात ठेवून ते झाकायची. त्या दिवशी मुद्दाम डावी पानं वाचायला घेतली. खरं सांगायचं तर चुका काढायला. मी सावरगावची. तिच्याहून चाळीस वर्षं आधीची. म्हटलं, पाहू सेक्रेटरीबाईंनी काय लिहिलंय.

अक्षर गोल, हिंदी शाळेत घटवलेलं. एका उजव्या पानावर गोटमारीची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं एकमेकांना दगड मारतात त्या रिवाजाची, कथा होती, आमच्याकडे सांगतात तशी. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवली, नदीच्या मध्यात दोघं सापडली, दोन्ही काठांवरून दगड आले. डाव्या पानावर तिनं लिहिलं होतं, "आमच्या आजीचे म्हणणे आहे की मुलीला पळवली नाही. ती आपल्या मनाने निघाली होती. तिला कोणी विचारले नाही म्हणून पळवली म्हणतात." अकरा वर्षांच्या पोरीचं हे लिहिणं. मला हसू आलं आणि ते आवरावं लागलं.

पुढे एके ठिकाणी नदीचे घाट होते. "आमचा घाट खालच्या अंगाला होता. वरून सगळ्यांचे कपडे धुतलेले पाणी यायचे. आजी पहाटे जायची, म्हणजे पाणी स्वच्छ भेटे." इथे मी पेन्सिल हातात घेतली होती. असा घाट नव्हता असं मला लिहायचं होतं. पण घाट होता. 'तिकडे जायचं नाही' असं ज्या वळणाशी आई म्हणायची, ते वळण त्या घाटाचंच. मी सावरगावात अठरा वर्षं काढली आणि त्या वळणापलीकडे गेले नाही. मी पेन्सिल ठेवून दिली. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

वहीच्या शेवटाकडे तीन डावी पानं कोरी होती. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं, गुरुजींच्या अक्षरात, एक ओळ होती. "नदी ओलांडून शाळेत येणाऱ्या पहिल्या मुली. घरी विचारणे."

मी ती ओळ वाचली आणि मला तो दिवस आठवला. मी खाटेवर बसून एका पुस्तकाला कव्हर घालत होते. ते दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही पोरी सहावीत इकडे येत होत्या, त्या कशा येत होत्या गं? पुलावरून?" आणि मी मान वर न करता म्हटलं होतं, "मले कायले विचारता? तुमच्या सेक्रेटरीले विचारा ना."

ते हसले. मग गेले. पुन्हा विचारलं नाही, आणि ती तीन पानं त्यांनी दुसऱ्या कुणालाही भरू दिली नाहीत. मला कुणी विचारलं नाही, हे मी इतकी वर्षं उराशी धरून बसले होते. मला विचारलं होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी गोटमार झाली. नदीकाठच्या घरांनी खिडक्यांना पत्रे लावले, दिवसभर आरडाओरडा आणि नगारे ऐकू येत राहिले. त्यानंतरच्या रविवारी मी वही कापडी पिशवीत घातली आणि पूल ओलांडला. खाली नदीत दगडच दगड पडले होते. अर्ध्या पुलावर परत फिरावंसं वाटलं. वही दिली की माझ्याकडे काय राहतं, हा प्रश्न होता. शर्ट होते, डबी होती. त्यांत बोलणारं काही नव्हतं.

ती दारातच भेटली. पिशवीकडे पाहिलं.

"सापडली?"

"घरातच होती," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. एवढंच. तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला दिसू नये याची ती काळजी घेत होती. तो चांगुलपणाही मला सोसवेना. भांडली असती तर मी वही घेऊन परत गेले असते.

मुलं सतरंजीवर बसली होती. एकानं विचारलं, "ह्या आजी कोण आहेत जी?"

"ह्या गुरुजीच्या घरच्या."

"मंग ह्यायले बी गोष्टी येते का?"

"विचारून पाय."

त्यानं विचारलं नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी वही उघडली, कोरं डावं पान समोर घेतलं आणि सांगायला लागले. आवाज बारीक निघाला. मागच्या मुलानं "ऐकू नाही येऊन राहिलं" म्हटलं, तेव्हा मोठा केला.

आम्ही एका गल्लीतल्या चार मुली होतो. पाचवीपर्यंत शाळा गावातच होती, सहावीला पांढुर्ण्याला जावं लागे. रस्त्यानं पुलावरून गेलं तर लांबचा वळसा, आणि त्या वाटेवर माणसं बसलेली असत, म्हणून आयांना ते नको होतं. गल्लीच्या मागून सरळ नदीत उतरलं तर शाळा समोर. पण पावसाळ्यानंतर पाणी गुडघ्याच्या वर. चपला हातात, दप्तर डोक्यावर, आणि परकर ओला करून वर्गात बसायचं. मग एका वर्षी आमच्यातल्या एकीनं शक्कल काढली. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी नदीत दगडांची काय कमी! पण ते मुठीएवढे, पाय ठेवण्याजोगे नाहीत. तर घरून बारदानाची जुनी पोती आणायची, त्यांत ते दगड भरायचे, तोंड शिवायचं आणि एकेक पोतं पाण्यात टाकत जायचं. अकरा पोती लागली. दसऱ्यापर्यंत वाट झाली.

"मंग दुसऱ्या साली बी तेच पोते?" एका मुलीनं विचारलं.

"कुठले! पोळा जवळ आला की गावातली मोठी माणसं यायची आणि आमची पोती फाडून दगड परत न्यायची. मारायले."

मुलं इतकी हसली की बाहेरून जाणारा एक जण डोकावून गेला. "मंग पुन्हा भरायचे?" "पुन्हा भरायची." "कट्टी नाही केली त्यायच्याशी?" "केली ना. पण त्यांत माझे बाबाही होते. जेवण कोणी दिलं असतं?" ते पुन्हा हसले. कितीतरी दिवसांनी मी वीस माणसांसमोर बोलत होते आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. गुरुजींना रविवारी काय मिळत असे ते मला तेव्हा कळलं. आणि त्यांनी ते मला का दिलं नाही असा राग न येता, मी ते का घेतलं नाही असा आला.

तेवढ्यात ती म्हणाली, "काकू, पाचवी नव्हती का?"

"नाही. चार होतो."

"माही मोठी आत्या सांगे. म्हणे, चौघी पलीकडे गेल्या का मंग मी निघायची. तोवर पोते ओले होऊन जायचे. लय घसरे म्हणे."

मुलं आपसांत बोलतच होती. आणि मला ती दिसली. काठावर, निंबाच्या झाडाखाली, दप्तर पोटाशी धरून उभी. आम्ही पलीकडे पोचून परकर झटकत असू तेव्हा ती पहिल्या पोत्यावर पाय ठेवत असे. तीन वर्षं रोज. ती आमच्याच वर्गात होती. आम्ही तिच्यासाठी थांबलो नाही आणि तिला कुणी 'थांब' म्हटलं नव्हतं, तरी ती थांबायची. मी चार मोजल्या होत्या. आजपर्यंत, इतकी पुस्तकं वाचून, मी चारच मोजत होते.

"होती," मी म्हटलं. "हिरवी रिबीन लावायची."

"तिले सांगतो," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, की खिडकीतला उजेड होता. "छिंदवाड्याले राहते ती. तिले वाटते कोणाले आठवत नसन."

माझं एकमेव पान होतं, त्यातही तिचा वाटा निघाला. मनात आलं ते हेच, दुसरं काही थोर नाही. मग मी पेन घेतलं. ती पुढे सरकली, सवयीनं, लिहायला. मी म्हटलं, "मी लिहिते."

"आम्ही चार मुली" असंच हातून आधी लिहिलं गेलं. तो 'चार' मी खोडला आणि वर 'पाच' लिहिला. गुरुजी वहीतलं पान कधी फाडत नसत, खोडलेलं वाचता येईल असंच खोडत. मीही तसंच खोडलं.

निघताना तिनं विचारलं, "काकू, वही राहू द्यायची का इथं? कुलुपाचं कपाट आहे."

"नाही," मी म्हटलं. "वही घरीच राहील. रविवारी मी आणत जाईन."

ती हसली. गुरुजींसारखं नाही, तिचं तिचं. "बरं जी."

दोन पानं अजून कोरी आहेत. आत्या दिवाळीला येणार आहे, तेव्हा एक तिच्यासाठी ठेवलंय, तिनंच लिहावं म्हणून. मुलं अजूनही त्या मुलीच्याच भोवती बसतात, माझ्याजवळची सतरंजी अर्धी रिकामी असते. वर्ग नऊचा आहे. मी घरून आठलाच निघते. तिच्या आधी पोचलं की समाजभवनाचं दार मला उघडता येतं, सतरंजी मला घालता येते, आणि ती येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं जी लवकर येणारी दोन-तीन पोरं असतात, ती माझी असतात.